तिसऱ्या संचाचा सूर

मानेवाडा, नागपूर
३ नोव्हेंबर २०२४

श्रीमान प्रेमानंद गजभिये यांस, कोराडी कॉलनी मुक्कामी,

चंद्रभान भोयर याचा जय भीम आणि साष्टांग नमस्कार. आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, हल्ली सहकार्य करत नाहीत; तेव्हा षडंग समजावा.

पत्रास कारण की, तू माझा छळ मांडला आहेस. अधूनमधून माझ्या फोनवर एक पट्टी येऊन पडते. पट्टीवर बाण. बाण दाबला की आत तू. तू खोकतोस, मध्येच भाजीवाल्याशी भाव करतोस, मग ‘हां, तं मी काय म्हणत होतो’ असं म्हणून जे म्हणत होतास ते पुन्हा पहिल्यापासून म्हणतोस. सभ्य माणसांनी एकमेकांना आवाज पाठवू नये. आवाज ही माणसाबरोबर यायची वस्तू आहे, टोपीसारखी. नुसती टोपी कोणी पाठवतं का?

शास्त्राप्रमाणे आधी तुझी बाजू मांडतो. तू म्हणशील, लिहिण्यापेक्षा बोलणं लवकर होतं. मान्य. पण कोणाचं? तुझं. ऐकणाऱ्याला कंटाळवाणा भाग ओलांडून पुढे जाता येत नाही. पत्रात येतं. माझ्या पत्राची तर तू फक्त शेवटची ओळ वाचतोस, कॉलेजात होतो तेव्हापासून, आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. शिवाय तुझा आवाज मुळातच पाताळात वस्ती करणारा. फोनमधून तो येतो तेव्हा शेजारच्या घरात कोणी लोखंडी कपाट सरकवतंय असं वाटतं.

तेव्हा यापुढे पत्र. पाकिटातलं, तिकीट चिकटवलेलं. आणि अट एकच: बोलतोस तसंच लिही. ‘मला-तुला’ लिहून माझ्यावर उपकार करू नकोस. मले, तुले, काहून, सगळं येऊ दे. गुण कापणार नाही.

आता मुख्य विषय. तुझी पोर तुझ्यापेक्षा सुसंस्कृत. ती टाइप करते. उन्नतीनं कळवलं आहे की शहरातल्या जुन्या बँडांवर ती काही लिहिते आहे. बापाचाही एक बँड होता हे तिला बापाकडूनच कळलं असल्यामुळे तिला दुसरा साक्षीदार हवा आहे. शहाणी आहे. तिला सांग, साक्षीदार पुढीलप्रमाणे सांगतो.

बँडचं नाव ‘तिसरा संच’. सदस्य तीन. ड्रमवर तू, वीज केंद्रातल्या फोरमनचा मुलगा. गिटार आणि गळा धर्मेंद्रचा, ज्याचे वडील उमरेडचे विणकर आणि काका केंद्रात नोकरीला. बेस गिटारवर मी, पारशिवनीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, ज्याला नागपूरच्या संस्कृत पाठशाळेत घातलं गेलं कारण तिथे दोन वेळचं जेवण फुकट होतं. दिवसा धातुरूपं, संध्याकाळी कोराडीची बस. काळे टीशर्ट घालून आपण हॉलपर्यंत चालत जायचो आणि पोहोचेस्तोवर केंद्राच्या राखेनं ते राखाडी झालेले असायचे.

नाव केंद्राच्या तिसऱ्या संचावरून, म्हणजे वीज काढणाऱ्या तिसऱ्या यंत्रावरून पडलं, आणि ते उगाच नव्हे. सूर लावायचं यंत्र आपल्यापाशी नव्हतं. पण कॉलनीच्या हॉलमागे तो संच अखंड घरघरायचा, एकाच सुरात. आपण त्यालाच सा धरला. आधी मी माझी जाड तार त्या घरघरीत बुडवायचो. तार पिळत जायचं, पिळत जायचं, आणि एका क्षणी ती ऐकूच यायची नाही. विरघळायची. मग धर्मेंद्र तिच्यावरून त्याच्या तारा लावायचा. संच देखभालीसाठी बंद असला की आपला सरावही बंद. असा बँड पृथ्वीवर दुसरा नसावा, हे तिनं खुशाल लिहावं.

जानेवारीत त्याच हॉलमध्ये आपण तिघांनी पुन्हा वाजवावं, या तिच्या प्रस्तावावर विचार चालू आहे. घाई नको.

तुझा
चंद्रभान


कोराडी
१४ नोव्हेंबर

पंडित,

जय भीम.

पोस्टात गेलो तं काउंटरवरची पोरगी म्हणते, “काका, आधार अपडेट कराचं आहे का?” मी म्हटलं, नाई वं बाई, पाकीट पायजे. तिनं मले असं पाह्यलं जसा मी बैलगाडीचं लायसन मागून राहिलो.

आता सांग, भाजीवाला कोणता? मी कोण्या मेसेजात भाजीवाल्याशी बोललो? सारे मेसेज घरात बसून केले, दरवाजा लावून. तू दुसऱ्याच कोणाचं ऐकून राहिला काय गा? आणि पयल्यांदा तू मले ‘मले’ लिवाले सांगून राहिला. त्या काळी मी गाण्यात एक ‘तुले’ घातलं होतं तं तू बस सुटेपर्यंत व्याकरण शिकवलं. तब्येत ठीक आहे नं?

उन्नतीले तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणते, “बाबा, काका किती मस्त लिहितात, तुम्ही काहून असं नाही सांगत?” मी म्हटलं, बेटा, मी ड्रमवाला आहो. मी मारतो, तो समजावून सांगतो.

तिले पयल्या कार्यक्रमाचं मीच सांगतलं, कारण तू ते कधी धड सांगत नाही. हॉल भरलेला. सारे प्लँटचे लोक, बायकापोरं घेऊन. आपण तिसऱ्या गाण्यावर, धर्मेंद्र डोळे मिटून गाऊन राहिला, आणि तिसरा संच ट्रिप झाला. घरघर बंद! एकदम अशी शांती झाली का पयल्यांदा आपला आवाज आपल्यालेच ऐकू आला. आणि समोरचे सारे माणसं एकाच वेळी उठले, जसं राष्ट्रगीत लागलं, आणि चपला शोधत प्लँटकडे धावले. माह्या बुढ्यासकट. उरल्या बायका. धर्मेंद्रनं डोळे उघडले तं अर्धा हॉल खाली. तो मले म्हणे, “इतकं खराब गायलो का गा मी?”

मंग बायकाच म्हणाल्या, वाजवा नं रे पोट्टेहो, काहून थांबले? आणि आपण ते राखेचं गाणं वाजवलं, मागे काहीच घरघर नाही, नुसती तुझी तार. मी आजही डोळे मिटले का ते तार ऐकतो.

असो. आता कामाचं. धर्मेंद्रच्या घरी उमरेडले कॅसेट सापडली. त्या हॉलमधलीच, बहुतेक नंतरच्या वर्षाची. राखेचं गाणं पुरं आहे म्हणते. उन्नतीनं ते पेनड्राइव्हवर घेतलं, सोबत पाठवतो. मधात तू काहीतरी उलटं वाजवतो ते मले समजत नाई, ऐकून सांग.

धर्मेंद्रले मी फोन केला. तो म्हणते, “चंद्रभान असन तं गाईन, नाई तं नाई.” तुले माहीत आहे, तुझ्या तारेशिवाय त्याले सा सापडत नाई. म्हणजे सारं तुझ्यावर आहे. मी हॉल बोलून ठेवला, जानेवारीचा शेवटचा रविवार. तुझं विचार करणं झालं का सांग.

प्रेमानंद


मानेवाडा
१ डिसेंबर

प्रिय प्रेमा,

पेनड्राइव्ह मिळाला. ऐकला. काय सांगू? धर्मेंद्रचा आवाज अजून तसाच आहे, ओल्या सुतासारखा. ‘पांढऱ्या राखेत पाऊल माझं, सकाळी कोण पुसतं’ या ओळीवर तो थोडा मागे रेंगाळतो आणि तू त्याची वाट पाहतोस. तुझ्या आयुष्यात तू कोणाची वाट पाहिलीस ती तेवढीच, असं प्रेमिलावहिनींचं मत आहे. मधल्या भागात मी उलटं काही वाजवत नाही. मी खाली उतरत जातो आणि तुम्ही दोघं वर चढता. जिन्यावर दोन माणसं भेटावीत तसं. पायरी तीच.

गंमत अशी की ते गाणं आता मला दिवसाही आठवतं. वर्गात मुलं रूपं म्हणत असतात, खिडकीबाहेर कडुनिंबाची पानं गळत असतात, आणि मला वाटतं ती राख आहे. पांढरी, मऊ, आवाज न करता पडणारी. तुला आठवतं, हिवाळ्याच्या सकाळी कॉलनीतल्या तुळशीवर, सायकलींच्या सीटवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर ती असायची? आपण तिच्यावर बोटानं बँडचं नाव लिहायचो. आपली सगळी जाहिरात तेवढीच. दुपारपर्यंत पुसली जायची.

उन्नतीच्या इतिहासात आपल्या पराभवाचीही नोंद व्हावी. शहरातल्या स्पर्धेला आपण सकाळी कोराडीत संचावर सूर लावून निघालो होतो. तारा उतरू नयेत म्हणून गिटारी बसमध्ये लेकरांसारख्या मांडीवर. तिथे आयोजकांनी एक कीबोर्डवाला दिला. भला माणूस. त्यानं पहिली पट्टी दाबली आणि चेहरा पाडला. दुसरी दाबली, आणखी पाडला. आपला सा त्याच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता! परीक्षक म्हणाले, “मुलांनो, सूर लावून या.” तू म्हणालास, “साहेब, लावूनच आलो. एकशेवीस मेगावॉटवर लावला.” बाहेर येऊन आपण उसाचा रस प्यायलो आणि जग बेसूर आहे असा ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला.

तुला हसू येईल, पण गेले काही महिने मला तो सूर पुन्हा ऐकू येतो. इथे, मानेवाड्यात. दुपारी जेवण झाल्यावर आडवा झालो की भिंतीपलीकडून, दुरून, तिसरा संच. अगदी तोच. कधी वाटतं मी धर्मेंद्रच्या काकांच्या क्वार्टरमध्येच झोपलो आहे आणि आता उठून हॉलवर जायचं आहे. वारा उत्तरेकडून वाहत असावा.

जानेवारीचं म्हणशील, तर कॉलेजच्या परीक्षा आहेत, गुडघे आहेत, आणि या वयात खांद्याला गिटार लटकवून उभं राहणं हे वानप्रस्थाच्या नियमांत बसतं का, हेही पाहिलं पाहिजे. तुम्ही दोघं वाजवा. मी पहिल्या रांगेत बसेन आणि संच ट्रिप झाला तरी उठणार नाही.

तुझा
चंद्रभान


कोराडी
१६ डिसेंबर

चंद्रभान,

पंडित नाई म्हणत आज.

पयली गोष्ट. त्या पेनड्राइव्हमध्ये धर्मेंद्र नव्हताच. उन्नतीची चूक झाली, दोन पेनड्राइव्ह सारखे होते. तुले गेला तो पिंटूच्या लग्नाचा, माह्या पुतण्याच्या. त्यात वरातीतला धुमाल आहे, पुरा वेळ. ढोल, ताशे, भोंगा, आणि मधात पिंटूची बहीण पिंकी ओरडते का पाहुण्यांनो जेवाले चला. आणि तू मले लिवतो, धर्मेंद्रचा आवाज ओल्या सुतासारखा! म्हणजे तू लावूनच नाई पाह्यलं. खोटं काहून लिवलं गा? नव्हतं ऐकायचं तं नाई ऐकलं लिवायचं. मी काय मास्तर आहो?

पत्र वाचून मले हसू आलं होतं, खरं सांगतो. धर्मेंद्रलेही सांगतलं, तोही हसला. म्हटलं जाऊ दे, खरा पेनड्राइव्ह घेऊन आपणच जाऊ. रविवारी आलो तुझ्याकडे, बसनं. बेल दाबली. पुन्हा दाबली. मंग फाटकातून पाह्यलं तं तू खिडकीत बसलेला, पाठ माह्याकडे. गिटार उभी धरून तिच्या लाकडाले दात लावून बसला होता, कणीस खाल्ल्यासारखा. मी हाक मारली, “ए पंडित!” मंग जोरात मारली. शेजारचा माणूस बाहेर आला, समोरची बाई बाहेर आली, कुत्रं उठलं. तू नाई वळला.

मी पेनड्राइव्ह परत आणला.

तुले आमच्यासोबत उभं राहाची लाज वाटत असन तं तसं सांग. तू कॉलेजात शिकवतो, लोकं तुले सर म्हणते, ठीक आहे. मले राग नाई येणार. येईन, पण जाईन. परीक्षा, गुडघे, वानप्रस्थ, हे कायले सांगतो?

आणि कोण्या वाऱ्याचं सांगून राहिला? तिसरा संच कधीचा बंद झाला. तोडून, कापून भंगारात गेला, मी स्वतः गाड्या भरताना पाह्यल्या. त्या जागी आता गवत आहे. नवे संच तिकडे दूर आहेत, कॉलनीतही ऐकू येत नाईत. मले नाई येत इथे राहून, तुले मानेवाड्यात काय ऐकू येते?

धर्मेंद्र विचारून राहिला. हो का नाई, एका ओळीत लिव.

प्रेमानंद


मानेवाडा
२१ डिसेंबर

प्रेमा,

तुझं पत्र सरितानं माझ्याआधी वाचलं. हातात ठेवून म्हणाली, “आता तरी सांगा त्यांना. नाहीतर मी फोन लावते.” रविवारी ती भाजी आणायला गेली होती, ती घरी असती तर तुला चहा मिळाला असता आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मी तुझी हाक ऐकली नाही. बेलही नाही, ती जाड आवाजात गुरगुरते. कुत्र्याचं तर मला तुझ्या पत्रातून कळलं.

डॉक्टर म्हणतात, माझ्या कानांतून खालचे सूर आधी गेले आहेत. साधारण माणसाचे वरचे जातात, माझं उलटं. मी खाली उतरत जातो हे तुला माहीतच आहे. डावा कान जवळजवळ संपला, उजवा एकनिष्ठ शिष्यासारखा त्याच्या मागोमाग निघाला आहे. परिणाम असा की चिमण्या, कुकरची शिट्टी आणि माझी पत्नी मला अजून स्वच्छ ऐकू येतात. ट्रक, म्हशी, पुरुषमंडळी आणि बेस गिटार येत नाहीत. तुझे मेसेज मी फोन कानाला दाबून ऐकले. दार वाजल्यासारखं काहीतरी व्हायचं आणि थांबायचं. भाजीवाला मी घातला. पूर्वी तू नेहमी कोणाशी तरी भाव करत असायचास.

पेनड्राइव्ह मी लावला होता रे. सरिता घरी नसताना, टीव्हीला. त्यातून मला कोणी सुपात तांदूळ पाखडतंय असं ऐकू आलं. जुनी कॅसेट, म्हटलं, घासली असेल. मग डोळे मिटले आणि बाकीचं सगळं आपोआप आलं. तू, धर्मेंद्र, जिना, पायऱ्या, सगळं. मी खरंच ऐकलं, प्रेमा. एवढं सुंदर तर आपण कधी वाजवलंही नसेल. फक्त ते पिंटूच्या वरातीत वाजत होतं. त्याला माझे आशीर्वाद सांग आणि पिंकीला सांग, तिचं ओरडणंही त्या पाखडण्यात हरवलं.

लाजेचं म्हणालास. लाज आहे, पण तुमची नाही. वर्गात मुलं पाठ म्हणतात तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे पाहून मान डोलावतो. यंदा माझ्या वर्गाचं पाठांतर एकाएकी निर्दोष झालं आहे. मुलं खूश आहेत. मीच तेवढा घाबरलो आहे.

दातांचं सांगतो. लाकडाला दात टेकवले की तार हाडातून कळते. कानाला कळत नाही ते जबड्याला कळतं. शोभत नाही, तुझी कणसाची उपमा योग्य आहे, पण त्या एका क्षणी तार पुन्हा माझी असते. रविवारी तू पाहिलंस ते हेच.

आणि घरघर. डॉक्टर म्हणाले, बाहेर असं काही नाही, हा कानाचाच आवाज आहे, या आजारात होतो. मी त्यांना म्हटलं, असेल, पण सूर कोणता ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे. तू लिहिलंस संच भंगारात गेला, तिथे गवत आहे, तेव्हा मी पत्र खाली ठेवून कान दिला. दुपार होती. तो चालूच होता. मग मी गिटार घेतली, दात टेकवले आणि जाड तार पिळत गेलो. आणि प्रेमा, ती विरघळली. पूर्वीसारखी. तार होती, पण वेगळी कळेना. म्हणजे जागा सापडली. उन्नतीच्या मोबाइलमधलं यंत्र जगाचा सूर सांगेल. कॅसेट ताणली गेली असेल, तिच्यावर विसंबता येत नाही. तुमच्या तिकडे तर गवत. आपला सा आता एवढ्या एकाच जागी शिल्लक आहे, आणि ती जागा नादुरुस्त आहे.

तेव्हा एका ओळीत: हो.

अटी पुढीलप्रमाणे. सूर मी लावणार, दातांनी, आणि तेव्हा धर्मेंद्रनं हसायचं नाही. त्यानं माझ्यावरून त्याच्या तारा लावाव्यात. उन्नतीचं यंत्र चूक म्हणालं तर यंत्र चूक. स्टेजवर मी अनवाणी उभा राहीन, एक पाय तुझ्या मोठ्या ड्रमला टेकवून. तुझा ठोका मला तिथून चढेल. चुकलो तर पोटरीवर काठी मार. हळू. आणि परत नेलेला पेनड्राइव्ह ठेवून दे, मला तो नको. धर्मेंद्र तेव्हा कसा गायला ते मला आठवतं. आता कसा गातो ते मी त्याच्या गळ्यावर हात ठेवून पाहीन. तो गुदगुल्या होतात म्हणेल.

हे सगळं वाजवण्याचं झालं, आणि वाजवणं माझी हाडं निभावून नेतील. तू पत्राची फक्त शेवटची ओळ वाचतोस, म्हणून उरलेलं एवढंच खाली ठेवतो. बोलतोस तसं लिही म्हणून मी हट्ट धरला, कारण तुझं पत्र वाचताना मला तुझा आवाज ऐकू येतो, खोकल्यासकट. पण तो तुझाच आहे की मी मनानं बनवलेला, हे आता मला ओळखता येत नाही, आणि मला याची फार भीती वाटते.

चंद्रभान